चौथ्या प्लगचे आटे

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते म्हणजे बाबांच्या गाडीचं लॉगबुक, आईची वाणसामानाची यादी आणि माझे परीक्षेचे पेपर. पुस्तकात छापावं असं आमच्यापैकी कुणी काही लिहिलेलं नाही. मी असलं काही लिहायला बसलोय हे कळल्यावर आईने फक्त, "अभ्यास झाला का?" एवढंच विचारलं. शिवाय माझं मराठी घरात बोलून शिकलेलं. शाळेत हिंदी, गल्लीत बंगाली, कॉलेजात इंग्रजी. एखादा शब्द चुकीच्या जागी बसला असेल तर वाचणाऱ्याने तो उचलून नीट बसवावा. पण जोर लावू नये. जोर लावल्यावर काय होतं तेच मला सांगायचं आहे.

हे लिहायला मला काकूंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा घोळ तूच लिही. ह्यांच्यावर सोपवलं तर हे स्वतःचा तेवढा गाळतील."

बाबा सातारा जिल्ह्यातले, नववीपर्यंत शिकलेले. एका खाजगी कंपनीतल्या साहेबांची कोलकात्याला बदली झाली तेव्हा साहेबांनी गाडीबरोबर बाबांनाही आणलं. साहेब तीन वर्षांनी परत गेले. बाबा त्याच कंपनीत ड्रायव्हर म्हणून राहिले आणि आम्ही कोलकात्यातल्या बेहाला भागाचे झालो. मी मेकॅनिकल इंजिनियरिंगला आहे. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे गावाहून चुलत्यांचा फोन आला की ते आधी "काय इंजिनियरसाहेब" म्हणतात, आणि मग कुणाचा तरी पाण्याचा पंप बिघडलेला असतो. मी आजवर फोनवरून तीन पंप दुरुस्त करायचा प्रयत्न केला आहे. त्यातला एक आपोआप सुरू झाला. त्याचं श्रेय मी घेतलं, हेही इथे कबूल करून टाकतो.

काका आणि काकू आमच्या नात्यातले नाहीत. इथे मराठी माणसं इतकी थोडी की वयाने मोठा दिसला की तो काका. हे काका चहाच्या एका कंपनीत होते. निवृत्त झाल्यावरही बेहालातच राहिले, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मला मराठी वाचायला काकूंनी शिकवलं, जुन्या दिवाळी अंकांवर बोट ठेवून. आणि इंजिन पहिल्यांदा उघडं बघितलं ते काकांच्या गॅरेजमध्ये.

काकांची गाडी काकांपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. विलायती, काळी, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. कंपनीतला कुणी गोरा साहेब मायदेशी जाताना ती मागे ठेवून गेला, ती दोन-तीन हातांतून फिरत काकांकडे आली. काका तिला "गाडी" म्हणतात. काकू "माझी सवत" म्हणतात. "मला कधी ताप आला तर हे क्रोसिन शोधतात," त्या सांगायच्या, "आणि तिला ताप आला तर रजा टाकतात."

या गाडीचा वर्षाकाठी एक नेम होता. लग्न होऊन काकू कोलकात्यात आल्या त्या सप्टेंबरात. काकू सांगलीच्या. इथे आल्यावर दोन दिवस त्या नुसत्या रडत होत्या. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, काय हवं? काकू म्हणाल्या, नदी. काकांना तेव्हा शहराबाहेर जाणारा एकच रस्ता पाठ होता, तो बजबजचा. तिकडे कंपनीचं गोदाम होतं. त्यांनी काकूंना गाडीत घातलं आणि बजबजच्या घाटावर नेलं. काकूंनी हुगळी बघितली आणि म्हणाल्या, ही नदी नाही, समुद्राचा आव आणलाय हिने. घाटावरच्या होडीवाल्याने सांगितलं की भरतीला ही नदी उलटी वाहते. काकूंना ते पटेना. "दाखवा," त्या म्हणाल्या. काकांनी घड्याळ बघितलं. गाडीच्या दिव्यांवर भरवसा नव्हता, अंधाराच्या आत घरी पोचायला हवं होतं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी."

तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला ते दोघं त्याच गाडीने बजबजला जातात. वीस मिनिटं बसतात. मग काका उठतात. इंजिन गार व्हायच्या आत निघू, नाहीतर तापायच्या आत निघू, काहीतरी असतंच. काकूंनी पन्नास वर्षांत नदी उलटी वळताना बघितलेली नाही.

आणि गेल्या वर्षीची खेप शेवटची होती. दसऱ्यानंतर ते दोघं पुण्याला मुलाकडे कायमचे जाणार होते. गाडी जाणार नव्हती. तिला इथल्याच एका जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे द्यायचं ठरलं होतं. ती तारीख गुरुवारी येत होती, आणि त्या दिवशी गाडी बजबजला जाणं भाग होतं. हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी आदल्या रविवारी मी तिचे स्पार्क प्लग बदलायला घेतले.

काकांचे हात हल्ली थरथरतात, बारीक कामं ते मला सांगतात. चार प्लग, चार भोकं. यात बिघडण्यासारखं काही नाही. बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, प्लग आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी जात नसेल तर तो तुला नाही म्हणतोय. पाना शेवटी, तोही थोडासाच. पहिले तीन मी तसेच बसवले. चौथा इंजिनाच्या पार मागे, पत्र्याला लागून होता. तिथे नजर पोचत नव्हती, बोटंही पोचत नव्हती. पण गॅरेजच्या भिंतीवर काकांचा लांब दांड्याचा पाना टांगलेला होता आणि मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होतो. मी प्लग पान्यातच बसवला आणि पाना फिरवला.

जड जात होता. मला वाटलं, छान घट्ट बसतोय. आणखी फिरवला. आणखी जड झाला. मग एकदम हलका. गरम भातावर तूप विरघळावं तसा तो सगळा जडपणा माझ्या हातातल्या हातात विरघळून गेला.

प्लग तिरका शिरला होता. तो पोलादाचा आणि इंजिनाचा हेड, म्हणजे ज्यात प्लग बसतात तो वरचा भाग, अॅल्युमिनियमचा, मऊ. पोलादाने भोकातले आटे खरवडून टाकले होते. यावर आमच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. ते परीक्षेत लिहून मी पंधरापैकी बारा मार्क मिळवले होते.

"झालं?" काकांनी बाहेरून विचारलं.

"झालं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. झालंच होतं.

प्लग भोकात नुसता उभा होता. मी त्याची वायर लावली, बॉनेट हळूच खाली केलं आणि घरी जाऊन जेवलो नाही. आईला वाटलं परीक्षेची काळजी. गुरुवारी कॉलेजात खरंच एक चाचणी होती, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

सोमवारी संध्याकाळी काकांनी गाडी सुरू केली. मी शेजारी उभा होतो, कारण पळून जाणं बरं दिसलं नसतं. इंजिनाने चार श्वास घेतले आणि 'ठो' असा आवाज झाला. प्लग बंदुकीच्या गोळीसारखा उडून बॉनेटवर आतून आदळला. बॉनेटला बाहेरून लिंबाएवढं टेंगूळ आलं.

काकू दारात आल्या. "विश्वकर्मा पूजा परवा ना? आजच फटाके?"

काकांनी बॉनेट उघडलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"प्लग उडाला," ते म्हणाले.

"हो."

"आपोआप?"

"काका, आटे कालच गेले. माझ्या हातून. मी लांब पाना वापरला. आणि बोललो नाही."

काकांनी उडालेला प्लग उचलून त्याचे आटे बघितले. "कितव्या वर्षाला आहेस तू?"

"तिसऱ्या."

"म्हणजे अजून एक वर्ष आहे. होईल."

"मग गुरुवारचं काय?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो की टॅक्सी करता येईल, ती मी सांगेन. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बॉनेटवरचं टेंगूळ पुसायला लागलो.

"पन्नास वर्षं हिच्याबरोबर काढली," काकू गाडीच्या छपरावर हात ठेवून म्हणाल्या. "आता शेवटच्या दिवशी हिला घरी ठेवून मी टॅक्सीने मिरवू? चांगलं दिसेल का ते?"

आम्ही गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं वर्कशॉप आमच्याच रस्त्यावर आहे. सत्तरीचे, बारीक, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. ते हिंदीत सुरुवात करतात आणि बंगालीत संपवतात, मी सगळं मराठीत लिहितो. त्यांनी भोकात बॅटरी मारून बघितलं.

"कुणी केलं?"

"आपोआप झालं," काका म्हणाले.

"दादा, आपोआप ढिलं होतं. एवढं घट्ट माणूसच करतो." मग बॅटरी माझ्या तोंडावर मारून म्हणाले, "इंजिनियर बाबू, नमस्कार."

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, हेड उतरवून लेथवर न्यायचा, भोक मोठं करून आत बुश, म्हणजे धातूची नळी, ठोकायचा. चार दिवस. दुसरा, हेड जागेवर ठेवून नवे, थोडे मोठे आटे पाडायचे आणि त्यात तारेची कॉइल फिरवून बसवायची. कॉइलच्या आतल्या बाजूला पुन्हा जुन्या मापाचे आटे तयार होतात. एका तासाचं काम. फक्त त्याचा संच त्यांच्याकडे नव्हता, आणि मंगळवारी त्यांना पूजेसाठी वर्कशॉप धुवून रंगवायचं होतं.

"बुधवारी?" मी विचारलं.

"बुधवारी पूजा. हत्यारं देवासमोर. त्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हरला बोट लावत नाही. चाळीस वर्षांत लावलेलं नाही."

"आणि गुरुवारी सकाळी?"

"गुरुवारी सकाळी दहाला उघडतो."

गुरुवारी दहाला तर निघायचं होतं.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर काका आणि मी मल्लिक बाजारात जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली. सोळाव्या की सतराव्या दुकानात एका म्हाताऱ्याने माळ्यावरून गंजका पत्र्याचा डबा काढला. आत आटे पाडायचा एक टॅप होता, पुढे बारीक आणि मागे जाड, कॉइल बसवायची एक कांडी आणि तीन कॉइली. काका तो डबा ट्राममध्ये मांडीवर घेऊन बसले होते, देवाचा प्रसाद न्यावा तसे.

बुधवारी दुपारी मिस्त्री आले. नुसतं बघायला. कपाळाला टिळा, अंगात नवा कोरा पांढरा शर्ट, हातात पूजेच्या खिचडीचा डबा. सगळ्या बेहालाच्या गच्च्यांवर पोरं पतंग उडवत होती आणि प्रत्येक वर्कशॉपमध्ये पाने, हातोड्या, जॅक धुवून-पुसून देवासमोर मांडून ठेवलेले होते. मिस्त्रींनी टॅप न उचलता, मान वाकडी करून बघितला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "उद्या आणा."

तेव्हा काकू बोलल्या. काकू इतिहास शिकवायच्या, आणि मुद्दा मांडायच्या आधी पदर खोचतात. "मिस्त्री, ही हत्यारं कुणाची?"

"दादांची."

"दादा कुठले?"

"महाराष्ट्र."

"आमच्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला. ती अजून यायची आहे. तोवर आमची हत्यारं कामावर."

मिस्त्रींनी यावर गंभीरपणे विचार केला. "हत्यारांचं ठीक आहे, बौदी," ते म्हणाले. ते काकूंना बौदी, म्हणजे वहिनी म्हणतात. "हातांचं काय? माझे हात तर इथले."

"हा आहे ना," काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "जन्म इथला, पण हात आमचे."

"बौदी, यानेच तर—"

"म्हणूनच."

मिस्त्रींनी गॅरेजमधली खुर्ची ओढली, ती इंजिनाजवळ आणली आणि बसले. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "माझे हात सुट्टीवर आहेत," ते म्हणाले. "तोंडाला विश्वकर्म्याने सुट्टी दिलेली नाही. घे तो टॅप. अरे तसा नाही. लग्नातली तलवार आहे का ती?"

पुढचा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास होता. आधी टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कापलेला कीस त्यात चिकटतो आणि इंजिनात पडत नाही. मग टॅप भोकात उभा धरायचा. मी धरला. "डावीकडे गेला," मिस्त्री म्हणाले. मी सरळ केला. "आता उजवीकडे गेला. बाबू, तुमच्या कॉलेजात 'सरळ' कधी शिकवतात? चौथ्या वर्षी?" मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अर्धा पुढे, पाव मागे. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस. माझ्या कपाळावरचा घाम नाकावर येऊन थांबायचा आणि काकू मागून तो टिपायच्या. मी चुकलो की मिस्त्रींचा उजवा खांदा पुढे यायचा, हात निघू बघायचा, आणि ते पुन्हा त्याच्यावर बसायचे.

मध्येच बाबा आले. कंपनीत पूजा होती, तिथून सरळ आले होते. त्यांच्याही कपाळाला टिळा. इतकी वर्षं इथे राहून ते दोन्ही पूजा पाळतात, त्यामुळे त्यांचे हातही त्या दिवशी बाद होते. ते दाराशीच उभे राहिले. बाबा इंजिनांबरोबर आयुष्यभर बसलेत, पण त्यांच्या मागे, स्टिअरिंगपाशी. उघड्या इंजिनाशी ते परक्याच्या घरी उभं राहावं तसे उभे राहतात.

मी टॅप फिरवत होतो. जड जात होता, पण आता मला जडपणाची भीती बसली होती, त्यामुळे मी स्वतःला समजावत होतो की हा चांगला जडपणा आहे.

"थांब," बाबा म्हणाले.

मी थांबलो.

"आवाज बदलला."

"कसला आवाज?" मी विचारलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"मगाशी भाजी चिरल्यासारखा होता. आता दात खाल्ल्यासारखा."

मी टॅप उलटा फिरवून बाहेर काढला. खाचांत कीस दाबून बसला होता, ग्रीससकट. आणखी अर्धा फेरा दिला असता तर नवे आटेही गेले असते, आणि मग भोकात आटे पाडायला जागाच उरली नसती. मिस्त्रींनी खुर्चीतून मान वळवून बाबांकडे प्रथमच नीट बघितलं.

"ड्रायव्हर?"

"हो."

"कान चांगला आहे. या, बसा." मिस्त्रींनी शेजारचा डबा पायाने पुढे सरकवला. बाबा बसले. थरथरत्या हातांचे काका पलीकडे होतेच. आता हात वापरता न येणारे तिघंजण एका रांगेत बसले होते आणि तिघांचंही तोंड मोकळं होतं.

आटे पाडून झाले. आता आत थोडाफार पडलेला कीस काढायचा होता. याची तयारी मी करून आलो होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, रीतसर परवानगी घेऊन, मी एक चांगलं ताकदीचं लोहचुंबक आणलं होतं. ते मी खिशातून काढलं.

"हे कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"कीस काढायला."

"कसला कीस?"

"अॅल्युमि—" मी म्हणालो आणि तिथेच थांबलो. चुंबक परत खिशात घातलं. ते खिशातल्या किल्ल्यांना टक्कन चिकटलं.

काका इतके हसले की त्यांना गाडीला धरून उभं राहावं लागलं. "एक वर्ष आहे अजून," ते मिस्त्रींना सांगत होते. "एक वर्ष आहे." बाबांना नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मीही नेलं असतं चुंबकच." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

शेवटी काकूंचा व्हॅक्यूम क्लीनर आला. त्याच्या तोंडाला सरबताची नळी चिकटपट्टीने लावली आणि ती भोकात फिरवून कीस ओढून घेतला. काकूंनी आधीच बजावलं होतं की या यंत्राने त्या देवघरही झाडतात, तेव्हा ग्रीस लागता कामा नये. लागलं. त्यांनी बघितलं आणि पदराने पुसून टाकलं. ते मी माझ्या देण्यात धरून आहे.

कॉइल कांडीवर चढवून आत फिरवली. ती सहज गेली. मग राहिला प्लग. मी भिंतीवरच्या लांब पान्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण बोटं तर अजूनही तिथे पोचत नव्हती. मिस्त्रींनी पायाने आपल्या पिशवीकडे खूण केली. आत पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. "प्लगच्या डोक्यावर चढव. नळीने फिरव. प्लग तिरका गेला तर नळी घसरते. तिला जोर लावताच येत नाही, म्हणून ती शहाणी."

प्लग नळीने गेला. आत, आत, शेवटपर्यंत, लोण्यात बोट जावं तसा. मग आखूड पान्याने शेवटी थोडासा आवळला. "बस," बाबा, काका आणि मिस्त्री एकदम म्हणाले.

काकांनी गाडी सुरू केली. आम्ही सगळे बॉनेटपासून चार पावलं मागे सरकलो. इंजिन चारही प्लगांवर गुरगुरत राहिलं. दहा मिनिटं, मग बंद. मिस्त्रींनी हात बाहेर काढले. ते इतके बधिर झाले होते की काकूंनी दिलेलं थालीपीठ पहिल्यांदा त्यांच्या हातून पडलं. "खायला सुट्टी नाही ना?" काकूंनी विचारलं. "बौदी, खाणं हे काम नाही," ते म्हणाले आणि दुसरं घेतलं.

मी निघालो तेव्हा काका गॅरेजमध्येच होते. गाडीभोवती फिरत होते. मला वाटलं, निरोप घेत असतील.

गुरुवारी ते दहाला निघाले. काका चालवणार, शेजारी बाबा, हातांचं काही वाटलं तर स्टिअरिंग घ्यायला. मागे काकू, डबे आणि पाण्याच्या बाटल्या. काकांचा फोन घरी कपाटात असतो, हरवू नये म्हणून. बाबांचा बरोबर होता. पोचल्यावर एक फोन करा, एवढंच मी सांगितलं होतं. त्यांनी रबरी नळीही बरोबर घेतली होती. टॅपचा पत्र्याचा डबा मात्र माझ्याकडेच राहिला.

अकराला माझी चाचणी सुरू झाली. उष्णतेवरचे पाच प्रश्न होते. मी लिहीत होतो आणि मनात अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे चालू होतं. बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी बसने आवाज काढला आणि माझ्या हातून पेन पडलं. एकला बाहेर आलो, फोन बघितला. काही नाही. बाबांना लावला. बंद. दोनला बंद. तीनला बंद. बजबज काही लांब नाही, दोनपर्यंत ते घरी यायला हवे होते.

चारला मी काकांच्या घरी गेलो. कुलूप. गॅरेज रिकामं. मग मिस्त्रींकडे गेलो. देव अजून तिथेच होते, पण हत्यारं परत कामाला लागली होती. मिस्त्री एका टेम्पोखाली आडवे होऊन काम करत होते.

"फोन आला?" त्यांनी खालूनच विचारलं.

"नाही."

"मला काय. मी हात लावलेला नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "ती कॉइल शेवटपर्यंत गेली होती ना? वर तार तर राहिली नव्हती?"

"नाही राहिली."

"मग मला काय." आणखी थोड्या वेळाने ते टेम्पोखालून बाहेर आले, हात पुसले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले. चहा मागवला. प्याला नाही.

मी सगळं मनात मांडून बघत होतो. कॉइल निघाली असेल. प्लग उडाला असेल. रस्त्यात कुठेतरी, घाट दिसायच्याही आधी. काकू टॅक्सीत बसल्या असतील आणि काका गाडीपाशी उभे असतील. आणि बाबांना मला फोन करवत नसेल. मी आमच्या भावकीतला पहिला, हे त्या वेळी मला फार जड वाटत होतं.

पाच वाजत आले तेव्हा फोन वाजला. बाबा.

"पोचलो," ते म्हणाले.

"आत्ता?"

"छे. सकाळीच. साडेअकराला. आधी ऐक, तुझा चौथा जागेवर आहे. हललासुद्धा नाही."

मी मिस्त्रींना मान हलवून सांगितलं. त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि एका दमात संपवला.

"मग बाबा, इतका वेळ?"

"पहिला उडाला. परत निघताना."

"पहिला कसा उडेल? तो तर मी बोटांनी—"

मागून काकांचा आवाज आला. "मी फक्त तपासत होतो."

"काल तू घरी गेल्यावर," बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "काकांनी बाकीचे तीन आवळले. एकट्या तुझ्यावर सगळं नको म्हणून. त्या लांब पान्याने."

मिस्त्रींना मी हे सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले, सवयीने.

"पण फोन का बंद होता?" मी विचारलं. "मी किती वेळा—"

"फोन काकूंकडे होता."

मग फोन काकूंकडे गेला. मागे वारा होता, आणि माणसं, आणि कुणीतरी होडी ओढत असल्याचा आवाज.

"मीच बंद ठेवला होता," काकू म्हणाल्या. "तुला दुपारीच कळलं असतं तर तू पेपर टाकून धावत आला असतास. आणि गाडी लगेच सुरू झाली असती. हो की नाही?"

मी हो म्हणालो.

"आता ये. मिस्त्रींना घेऊन ये, म्हणावं आज सुट्टी नाही. लोकलने या. तो डबा आण." त्या क्षणभर दुसरीकडे बघत असाव्यात, मग पुन्हा बोलल्या. "पाणी आत्ताच थांबलंय बघ. अगदी उभं आहे. एक केळीचं पान मगाशी खाली चाललं होतं, ते मधोमध थांबलंय. होडीवाला म्हणतो, आता वळेल."

मागे काका म्हणत होते, "अगं, अंधार होईल, दिव्यांवर भरवसा नाही."



"ऐकलंस ना?" त्या मला म्हणाल्या. "सावकाश या. काही घाई नाही."